निळा डबा आधी, काळा नंतर

सिंदी मेघे, वर्धा
१२ जानेवारी २०२५

दादा,
सप्रेम जय भीम.

काल तुझ्या व्यसनमुक्ती केंद्राच्या रूपराव सरांना फोन केला. ते म्हणाले, केंद्रात कोणाला मोबाइल देत नाहीत, पण पत्राला मनाई नाही आणि आलेलं पत्र आम्ही फोडून वाचत नाही. म्हणून कालच शाळेतून येताना पोस्टातून पाकिटं घेऊन आले. तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना कशाला पत्र लिहितात?

तुला केंद्रात सोडून आज त्रेपन्न दिवस झाले. आई बरी आहे. न्हाणीत पडली होती तो हात आता प्लास्टरमधून निघाला. मूठ पूर्ण वळत नाही, पण भाकरी थापते. मी पीठ मळून देते.

पत्र लिहिण्याचं खरं कारण आपली गाण्याची पार्टी आहे. तुझ्या जागी प्रेमदासकाकांनी नाचणगावचा एक माणूस घेतला आहे, हेमराज नावाचा. तुझीच बास गिटार वाजवतो. काका म्हणाले, भीमगीताची पार्टी बासशिवाय उभी कशी राहील, अश्विन येईपर्यंत कोणीतरी पाहिजे. रागावू नकोस.

अडचण अशी की तुझ्या बॅगेत दोन डबे निघाले, एक निळा आणि एक काळा. निळ्यावर चार बटणं आहेत. काळ्यावर एक खटका आणि तीन पिनांच्या वायरीचं भोक. कोणता आधी लावायचा, कोणता नंतर, कोणालाच माहीत नाही. तू कधी कोणाला हात लावू दिला नाहीस. हेमराजने परवा सेलूच्या कार्यक्रमात दोन्ही बाजूला ठेवले आणि सरळ ॲम्पला वायर लावली. कडव्यात बास ऐकूच येईना आणि कोरस आला की ढोलक दाबून टाकी. काका मध्येच थांबून पेटीवरून त्याच्याकडे पाहत होते.

सात फेब्रुवारीला हिंगणघाटला रमाई जयंती आहे. त्याच्या आधी सांगशील का? नीट समजेल असं लिही.

आई म्हणते, पोटभर जेवत जा.

तुझी
मयुरी


२० जानेवारी

मयुरी,
जय भीम.

तुहं पत्र भेटलं. चार वेळा वाचलं. इथं वाचाले दुसरं काई नाई. भिंतीवर पाट्या आहेत, त्या पाठ झाल्या.

इथं एकेचाळीस माणसं आहेत. पाचले घंटा, साडेपाचले प्रार्थना, मंग झाडू, मंग चहा. प्रत्येकाच्या चपला-बूट ऑफिसात जमा आहेत. इथले रबरी स्लिपर देतात, त्याच्यावर नंबर. माहा सतरा. भिंतीवर काचा लावल्या आहेत. त्याच्या पल्याड तुरीचं वावर आहे, ते फक्त दुसऱ्या माळ्यावरच्या संडासच्या खिडकीतून दिसते. म्हणून त्या संडासले सगळ्यात मोठी लाइन राह्यते. बाहेरच्या कोणाले सांगशील तं हसन, पण आम्ही वावर पाहाले उभे राह्यतो.

माही गिटार दुसऱ्याच्या गळ्यात, हे वाचून दोन दिवस पत्र लिहिलं नाई. कोण हा हेमराज? नाचणगावात मी सगळे वाजवणारे ओळखतो. असो. काकाची अडचण मले समजते.

आता ध्यान देऊन आईक. निळा डबा म्हणजे कॉम्प्रेसर. काळा म्हणजे डीआय. निळा आधी, काळा नंतर.

गिटारची वायर निळ्यात. निळ्यातून काळ्यात. काळ्यातून दोन वाटा निघतात. तीन पिनांची वायर साऊंडवाल्याच्या मिक्सरले, आनं बाजूचं साधं भोक आहे त्याच्यातून तुमच्या ॲम्पले. ॲम्प आपल्याले आईकाले, मिक्सर लोकांले आईकाले.

निळा काय करते? जोरात वाजलं तं त्याले धरते, आनं मंग सगळंच थोडं वर उचलते. त्याच्यानं हळू वाजलेलंही पोचते. काळा काय करते? गिटारचा आवाज नाजूक असते, मिक्सर दूर असते. शंभर फूट वायरीत तो मरून जाते. काळा त्याले लांबच्या वायरीत जाण्याजोगा करते. आपल्याकडचे साऊंडवाले बासले काई लावत नाई, जे येईन ते भोंग्यात ढकलतात. म्हणून आपलं आपणच आधी सांभाळून द्याचं. काळ्यावरचा खटका फक्त घुंऽऽ आवाज आला तं दाबजो, नाई तं हात लावजो नोको.

आईचा हात वाचून मन लागत नाई. मी घरी असतो तं तिले पडू देली नसती.

अठरा फेब्रुवारीले माहे नव्वद दिवस होतात. सर म्हणतात, घरच्यांची सही लागते, मंगच सोडतात. कागद तुह्यापाशी पाठवला म्हणे. तू त्या दिवशी येजो. सकाळच्या बसनं निघशील तं दुपारी घरी पोचू.

अश्विन


सिंदी मेघे
१० फेब्रुवारी २०२५

दादा,
जय भीम.

तू लिहिलंस तसंच केलं. निळा आधी, काळा नंतर. मी पत्रच सोबत नेलं होतं, हेमराजने ते स्टेजवर उघडून समोर ठेवलं.

हिंगणघाटचं मैदान भरलं होतं. बायकाच बायका, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. वीज गेली म्हणून जनरेटर लावला आणि लगेच घुंऽऽ सुरू झालं. साऊंडवाला म्हणाला, 'बासवाले का वायर खराब है, निकाल दो.' हेमराजने काळ्यावरचा खटका दाबला आणि एकदम सगळं शांत. तो साऊंडवाला उठून पाहायला आला. तुझी खूप आठवण झाली.

पण एक बिनसलं. निळ्यावरचा लाल दिवा पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत लागलेलाच होता. बासचा आवाज येत होता, पण जीव नसल्यासारखा. सगळे ठोके एकाच उंचीचे. काका म्हणाले, 'वाजते तं बरोबर, पण कोणी उशी ठेवल्यावानी वाजते.' आणि दोन गाण्यांच्या मध्ये ॲम्पमधून सूंऽ असा आवाज. हेमराजने बटणं फिरवून पाहिली, आणखी बिघडलं. बिचाऱ्याच्या बोटांना फोड आले आहेत, पहिल्या दोन बोटांना पट्ट्या लावून वाजवतो. गिटारचा पट्टाही त्याला चार भोकं आखूड करावा लागला. काका त्याला म्हणतात, तू गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर थांबतो, ढोलकाबरोबर चाल. ते त्याला जमत नाही अजून. काय करायचं, सांग.

अठराला मला येता येणार नाही. शाळेत तपासणी आहे, रजा देत नाहीत. आणि रूपराव सरांचा फोनही आला होता. ते म्हणाले, डॉक्टरांचं मत आहे की आणखी काही दिवस राहिलेलं बरं. तुझ्याच भल्यासाठी आहे. धीर धर.

आई जय भीम सांगते.

मयुरी


१९ फेब्रुवारी

मयुरी,

आज एक्क्याण्णवावा दिवस.

आधी कामाचं. लाल दिवा सारखा लागला म्हणजे निळा डबा सगळंच दाबून राह्यला. डावीकडचं पहिलं बटण, थ्रेशोल्ड, उजवीकडे फिरवजो. इतकं, की साधं वाजवताना दिवा लागू नये, कोरसले जोर आला की तेवढा लुकलुक झाला पायजे. दुसरं बटण त्यानं किती लवकर धरावं याचं आहे. ते हळूवर ठेवजो. बोट तारेवर पडते तो पहिला ठोका मोकळा जाऊ दे, त्याच्या मागचं धरू दे. त्या ठोक्यातच जीव राह्यते. शेवटचं बटण खाली आण, सूंऽ बंद होईन.

आता दुसरं.

वाजवणारा हेमराज नाई. वाजवणारी तू आहे.

वाजवणाऱ्या माणसाच्या बोटाले फोड येत नाई, घट्टे राह्यतात. चार भोकं पट्टा आखूड कोणाले लागते? आनं गाणाऱ्याच्या श्वासावर कोण थांबते? जो दहा वर्षं कोरसमध्ये गायला तो. मी संडासच्या खिडकीपाशी उभा होतो, लाइनीत, आनं एकदम ध्यानात आलं. मागचा माणूस म्हणे, 'भाऊ, काऊन हासून राह्यले?' मी हासत नवतो.

मले न सांगता माही गिटार घेतली. माह्या जागेवर उभी राह्यली. आनं मलेच विचारून राह्यली, कसं उभं राहू.

आनं डॉक्टर? डॉक्टर तं इथं पंधरा दिवसांपासून आलेच नाई, त्यायच्या घरी लग्न आहे. मंग कोणाचं मत होतं ते? मले समजलं, मयुरी. मी आत आहे तोपर्यंत स्टेज तुहं आहे. मी बाहेर आलो तं तुले पुन्हा मागं, बायांच्या लाइनीत उभं राहा लागन. म्हणून सही नाई.

मी काई चोर नाई, खुनी नाई. मले इथं काऊन ठेवलं? एकेचाळीसातले सतरा जण सुटून गेले. माह्या बाजूच्या खाटीवरचा तिसरा माणूस बदलला. कालपासून मी खाटीच्या पट्टीवर बोटं वाजवणंही बंद केलं.

सही कर आनं मले बाहेर काढ.

अश्विन


सिंदी मेघे
१६ मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते.

हो, मीच वाजवते. हेमराज नावाचा कोणी माणूस नाही. तुझ्या मनाला लागेल म्हणून काकांनी आणि मी ते नाव ठरवलं. बास मी तू कामावर गेल्यावर तीन वर्षांपासून शिकत होते. तू गिटार ठेवायचास तिथेच, त्याच कोनात परत ठेवत होते.

हो, कागद माझ्याकडे आहे. दोन फेब्रुवारीला आला. शाळेत तपासणी नव्हती आणि सरांचा फोनही आला नव्हता. मी सही केली नाही. पण स्टेजसाठी नाही, दादा. तू तसं समजलास हे वाचून मला रडूही आलं नाही, इतकं ते मला परकं वाटलं.

आता मी जे लिहिते ते न लिहिण्याची आईने मला शपथ घातली आहे. मी ती मोडते.

आई न्हाणीत पडली नाही. सोळा नोव्हेंबर, शनिवार, दिवाबत्तीची वेळ. तू देवळीहून आला होतास. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणतात आणि तुला तीन दिवसांत एकदाही शुद्ध नव्हती. गिटार खांद्यावर टाकून तू पुन्हा निघालास. आई दारात उभी राहिली. म्हणाली, 'अश्विन, जायचं तं जा, पण हे राहू दे. हे तुह्या बाबानं आणलं.' तू म्हणालास, 'बाजूले हो.' ती झाली नाही. तू गिटारीच्या दांड्याने तिला ढकललंस. ती उंबऱ्यावर पडली, हात खाली. तू तिच्या अंगावरून पाय टाकून गेलास.

मी चुलीपासून धावत आले. मनगट भलतीकडेच वळलं होतं. आणि तिचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? 'मयुरी, दार लाव. लोक पाहून राह्यले.'

मी दार लावलं. दार लावून आम्ही दोघी आत बसलो, ती हात मांडीवर घेऊन आणि मी तिच्यासमोर. दवाखान्यात न्यायला अर्धा तास गेला, कारण आधी काय सांगायचं ते ठरवायचं होतं. न्हाणी तिनेच सुचवली. गिटार काकांना विहाराजवळ सापडली. तू दुसऱ्या दिवशी आलास आणि विचारलंस, 'आईच्या हाताले काय झालं?' आईने सांगितलं, 'पडली.' तू तिच्यापाशी बसून रडलास. मी ते पाहिलं आहे.

चार दिवसांनी काका आणि मी तुला केंद्रात सोडलं. आई म्हणत होती, 'त्याले हे कधी सांगू नोको, तो जीव देईन.' म्हणून तू तिथे का आहेस हे तुला माहीत नाही, आणि मी ते सांगू शकत नाही, आणि तू पत्रात विचारतोस, मला का ठेवलं.

तू गेल्यापासून गाडीचा आवाज आला की आई दचकत नाही. ती हसते. परवा शेजारच्या सुलोचनाबाईंकडे हळदीला गेली होती. चार महिन्यांत पहिल्यांदा मी दाराकडे कान न लावता झोपले. आणि मग सकाळी कागद दिसतो, पेटीतल्या साड्यांवर ठेवलेला. माझा भाऊ काचा लावलेल्या भिंतीच्या आत आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. मी रोज ठरवते, आज सही करते. रोज आईच्या हाताकडे पाहते. मले नाई जमत, दादा. मले नाई जमत.

तुझा राग आला तर येऊ दे. जीव मात्र देऊ नकोस. आईचं खरं ठरवू नकोस.

मयुरी


६ एप्रिल

मयुरी,
जय भीम.

चार पत्रं लिहिली आनं फाडली. हे पाचवं. हे कसंही झालं तरी पाठवतो.

तुहं पत्र वाचल्यावर दोन दिवस मी बोललो नाई. सरांनं माणूस लावला माह्यासंग, झोपतानाही. त्यायले भीती वाटली असन. मी काई करणार नाई. तू आईले सांगजो.

मले तो दिवस आठवत नाई. मी डोकं आपटून पाह्यलं, आठवत नाई. फक्त बांगड्या फुटल्याचा आवाज आठवते. तो मले इथं आल्यापासून यायचा, मी समजत होतो सपन आहे. माह्या हातानं झालेलं दुसऱ्यापासून आईकाव लागते, हे कसं असते ते तुले सांगता येत नाई.

मी तुले खूप वाईट लिहिलं. स्टेजचं. ते मी वापस घेतो. पण एक गोष्ट आणखी आहे. ती न सांगता माफी मांगली तं ती माफीही खोटीच होईन.

सही लागतच नवती.

नव्वदाव्या दिवशी, अठरा फेब्रुवारीले, रूपराव सरांनं मले ऑफिसात बोलावलं होतं. म्हणे, 'अश्विन, घरचे आले तं बरं, पण नाई आले तरी तुमची स्वतःची सही चालते. तुम्ही मोकळे आहात.' माहे बूट काढून टेबलावर ठेवले. मी सही करतो म्हणालो. बूट घातले. तीन महिन्यांनं बूट घातले तं पाय त्याच्यात मावेना. बॅग घेतली. गेटवरच्या माणसानं दार उघडलं.

समोर रस्त्याच्या पल्याड पानठेला आहे. आतून दिसत नाई. ठेल्याच्या मागं दोन माणसं उभे होते, पाठमोरे. मी त्यायच्या पाठीवरून ओळखलं ते काय करून राह्यले. मयुरी, मले त्यायचा वास आला नाई, इतक्या दूरून येऊच शकत नाई. तरी माह्या तोंडाले पाणी सुटलं. मी गेटात उभा राह्यलो. बस आली, थांबली, कंडक्टरनं माह्याकडे पाह्यलं, गेली.

मी वापस आत आलो. मी बूट काढून टेबलावर ठेवले.

आनं दुसऱ्या दिवशी खाटीवर बसून तुले लिहिलं, मले बाहेर काढ. सही कर. मले काऊन ठेवलं. माही हिंमत झाली नाई, ते मी तुह्यावर ढकललं. तू किल्ली घेऊन रडत राह्यली आनं कुलूप तं लावलंच नवतं.

एवढंच सांगाचं होतं.

चौदा एप्रिलले गावात वाजवशील ना? निळा-काळा कसा लावाचा ते तुले जसं पटन तसं लाव. आता मले विचारू नोको.

अश्विन


सिंदी मेघे
१८ एप्रिल २०२५

दादा,
जय भीम.

तुझं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका राग आला की ते मी पाटाखाली टाकून दिलं. अडीच महिने, दादा! अडीच महिने मी त्या कागदाखाली दबून होते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त तू गेटात उभा दिसलास.

चौदाचं सांगते. यंदा नागपूरचा साऊंडवाला होता, अंकित नावाचा. मोठा मिक्सर. मी निळा आधी लावला तर तो म्हणाला, 'दीदी, मुझे कच्चा आवाज दो. दबाना-उठाना मैं इधर करूंगा, मेरे पास सब है.' मला काय करावं सुचेना. तुझं पत्र डोळ्यासमोर. मग मी उलटं केलं. काळा आधी, त्यातून कच्चा आवाज सरळ त्याच्याकडे. आणि काळ्याच्या दुसऱ्या भोकातून निळा, निळ्यातून माझा ॲम्प. म्हणजे लोकांना त्याने सांभाळलेला आणि मला माझा सांभाळलेला. भीती वाटत होती. पण पहिलं गाणं सुरू झालं आणि काकांनी पेटीवरून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तेवढंच. त्यांनी तेवढं तुलाही कधी केलं नसेल.

मी ढोलकाबरोबर चालले, दादा. श्वासाबरोबर नाही.

आता आईचं. शपथ मोडली हे मी तिला सांगितलं. तुझं पत्रही वाचून दाखवलं, गेटापर्यंतचं सगळं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची आणि तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी कपडे वाळू घालताना म्हणाली, 'भेटायचा दिवस कोणता राह्यते तिकडे?' मी म्हटलं, 'महिन्याचा शेवटचा रविवार.' म्हणाली, 'मले घेऊन चाल.'

आम्ही सत्तावीसला येतो.

मी एक स्पष्ट लिहिते, म्हणजे तू वाट पाहू नयेस. मी अजून 'घरी ये' म्हणू शकत नाही. तू चांगला झालास तरी. मला ते म्हणता येईल तेव्हा म्हणेन. म्हणता आलं नाही तर तेही सांगेन. हेमराजसारखं काही करणार नाही.

मयुरी


नाचणगाव
१५ मे २०२५

मयुरी,
जय भीम.

पत्ता पाहून समजलं असन. फोन आता माह्यापाशी आहे, काकानं जुना देला. तरी पत्रच लिहितो. फोनवर मी बहुत लवकर खोटं बोलतो. कागदावरही बोललो, पण कागद तुह्यापाशी राह्यते.

सत्तावीसले आईनं तुले बाहेर आंब्याखाली थांबवलं. आत काय झालं ते ती तुले सांगणार नाई, म्हणून मी सांगतो.

पत्र्याच्या शेडात आम्ही समोरासमोर बसलो. मी तिच्या पायावर पडलो. ती म्हणे, 'उठ. पाय दुखून राह्यले माहे.' मी उठलो. ती म्हणे, 'तुले काय काय आठवते ते सांग.' मी सांगतलं, बांगड्या फुटल्याचा आवाज. मंग म्हणे, 'त्या दिवशी माह्या हातात बांगड्या नवत्या. तो आवाज हाडाचा होता.'

मंग तिनं सगळं सांगतलं. तू लिहिलं त्याच्याहून जास्त. तुले माहीत नसलेलंही, त्याच्या आधीच्या वर्षांचं. आवाज न चढवता, जसं कोणाले बजार सांगते तसं. मी आईकलं. मधे एकदा मी 'आई, माफ कर' म्हणालो तं तिनं हात वर केला, तोच हात, अर्धा वळलेला. म्हणे, 'माफी मांगू नोको. मांगली की मले उत्तर द्या लागते. माह्यापाशी आता उत्तर नाई.'

एवढं बोलून ती उठली. तुमची बस चारची होती. जाता जाता म्हणे, 'बारीक झाला.' घरी ये म्हणाली नाई. मी वाट पाह्यली नाई. खरं सांगू, थोडी पाह्यली.

बारा मेले, बुद्धपौर्णिमेले, मी सही केली. सर गेटापर्यंत आले. ठेल्याच्या मागं त्या दिवशीही कोणीतरी होतं. मी सरांले म्हणालो, बस येईपर्यंत तुम्ही थांबा. ते थांबले. पाऊण तास उन्हात आम्ही दोघं उभे. बसमध्ये बसलो तरी पुलगाव येईपर्यंत मी समोरची दांडी सोडली नाई. बाहेर आलो तं मोकळं वाटन, असं वाटलं होतं. नाई वाटत. इथं भिंत नाई, म्हणून कुठं थांबाचं ते आपणच ठरवा लागते, दिवसातून दहा वेळा. तिथं खिडकीतून वावर पाहाले लाइन होती. इथं वावरच वावर आहे आनं मी खोलीचं दार लावून बसतो.

काकाचे साळे हिरालालभाऊ इथं पंपाच्या जळलेल्या मोटरी भरून देतात. त्यायच्यापाशी काम करून राह्यलो. तांब्याची तार गुंडाळत राहा लागते, वेढे चुकले की पुन्हा पहिल्यापासून. दर बुधवारी दवाखान्यात जातो, तिथं नाव लिहिलं आहे. गिटार तुह्यापाशीच राहू दे. हे मी रागानं म्हणत नाई.

काल दुपारी जेवताना हिरालालभाऊनं विचारलं, 'घरी कोण कोण आहे तुह्या?'

मी म्हटलं, 'आई आहे. बहीण आहे.'

'बहीण काय करते?'

शाळेत शिकवते, हे तोंडावर आलं होतं. पण मी म्हणालो, 'पार्टीत बास वाजवते.'

'बास म्हणजे?'

त्यायले समजेना. मंग मी जेवणाचा डबा बाजूले सारला आनं त्यायच्या खडूनं फरशीवर काढून दाखवलं, गिटार इथं, काळा डबा इथं, निळा इथं, तू चौदा एप्रिलले लावलं तसं. ते वाकून पाहत होते, मी सांगत होतो. भाजीवर माशा बसल्या तरी आमचं दोघायचं ध्यान नवतं.

तुहा
दादा